हॉलमध्ये प्राणायाम, ओट्यावर डबे

प्रिय ताई,

मी ४७ वर्षांची. डोंबिवलीला राहते, फोर्टमध्ये एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते. घरी मिस्टर, बारावीतला मुलगा आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. वरवर पाहिलं तर सगळं छान आहे. घराचं कर्ज फिटत आलंय, कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही, कोणाला व्यसन नाही. तरी मी सतत धुमसत असते. पहाटे तीनला जाग येते आणि डोक्यात भाजी, ऑफिसची कामं, मुलाचे क्लास सगळं एकदम सुरू होतं. सासूबाई 'हा आला का क्लासहून?' हा एकच प्रश्न संध्याकाळभर विचारतात. चार वेळा मी नीट सांगते, पाचव्यांदा आवाज चढतो. मग रात्री त्यांचा पडलेला चेहरा आठवून रडू येतं.

मिस्टर रोज सहा ते पावणेसात हॉलचं दार लावून प्राणायाम आणि ध्यान करतात. ते खरंच शांत आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. मला म्हणतात, 'तूही करत जा, चिडचिड कमी होईल.' म्हणून मोबाईलवर ध्यानाचं ॲप घेतलं आणि स्वयंपाकघरातच स्टुलावर बसले. पाचव्या मिनिटाला कुकरची शिट्टी, लगेच मुलाचं 'आई, मोजा कुठाय?', आणि मी त्याच्यावर खेकसले. आता ध्यान चुकलं की त्याचीही टोचणी लागते. पोळ्यांना बाई ठेवावी तर सासूबाईंना चालत नाही. मैत्रीण म्हणते, इगतपुरीला विपश्यनेला जा. दहा दिवस रजा कुठून आणू? घर-नोकरी सांभाळून मन शांत ठेवणाऱ्या बायका असतातच ना? मग माझ्यातच काही कमी आहे का?

– अस्वस्थ, डोंबिवली

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. सहा ते पावणेसात मिस्टर हॉलचं दार लावून बसतात. त्या पाऊण तासात तुम्ही काय करता हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण कुकर, स्टूल आणि मोज्यावरून अंदाज येतो. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर भाजी, कणीक मळून झाकलेली. सासूबाईंचा चहा. नळाला पाणी आलेलं असतं, म्हणून बादल्या. आणि बेलने ध्यानभंग नको म्हणून दूधवाल्याला 'पिशवी कडीला अडकवून जा' असं सांगितलेलं असणार. सांगणाऱ्याही तुम्हीच असणार. म्हणजे तुमच्या घरात रोज सकाळी पाऊण तासाची शांतता तयार होते. ती करता तुम्ही, आणि तिचा लाभ घेतं दुसरंच कोणी. वर सल्ला मिळतो, तूही करत जा. कुठे करायचं? तव्यासमोर?

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर स्वच्छ 'नाही' असं आहे. तुमच्यात काहीही कमी नाही. मिस्टरांनाही मी दोष देत नाही. आवाज न चढवणारा नवरा मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि रोज नेमाने बसायला चिकाटी लागते. पण त्यांना आठवडाभर त्या वेळेला ओट्याशी उभं करून बघा, त्यांचा शांतपणा किती मुरलाय ते कळेल. चेष्टेने म्हणतेय, पण सगळं चेष्टेने नाही.

हे तुमच्याच घरात चालतं असंही नाही. लोकांचा दिवस कुठे जातो याची पाहणी केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. या ९७ मध्ये कामाला हातच न लावणारे पुरुष धरलेले नाहीत, हे लक्षात घ्या. पाच तास आणि साधारण दीड तास. तुमच्या पहाटे तीनच्या जागरणात या फरकाचा वाटा मोठा आहे, आणि नुसतं श्वासाकडे लक्ष देऊन तो भरून निघायचा नाही.

आता इगतपुरी. तिथल्या धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोएंकांच्या पद्धतीची विपश्यनेची शिबिरं १९७६ पासून चालू आहेत. पहाटे चारला घंटा, मौन, मोबाईल जमा, वाचन-लेखन बंद. फी घेत नाहीत, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. तिथून आलेली माणसं निवळलेली दिसतात, ते मीही पाहिलंय, आणि साधनेचं श्रेय मला कमी करायचं नाही. पण त्या शांततेचा एक भाग असाही आहे की तिथे दहा दिवस तुम्हाला कोणी 'आज भाजी काय?' असं विचारत नाही. घंटा होते, तुम्ही जाता, जेवता, ताट धुऊन ठेवता, संपलं. स्वयंपाकाला उभे असतात ते धम्मसेवक. त्यांनी स्वतः आधी शिबिर केलेलं असतं आणि ते आपखुशीने आलेले असतात. तुमच्या घरच्या ध्यानकेंद्रात सेविका मात्र कायमची एकच आहे, आणि तिला कोणी विचारलेलं नाही.

शिवाय शिबिर संपताना सांगतात की घरी गेल्यावर रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसत जा. हे दोन तास तुम्ही कुठून काढणार? लोकलमधून? आठ दिवसांत कुकर पुन्हा तुमचाच, आणि मग शिबिर वाया घालवल्याची टोचणी आधीच्या टोचणीत जमा. म्हणून आधी घरातला वेळ मोकळा करू.

येत्या रविवारी, नाश्ता झाल्यावर, कुठलंही भांडण चालू नसताना मिस्टरांना सांगा: 'तुम्हाला सकाळी जे मिळतं ते मलाही हवंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार हॉलमध्ये मी बसेन आणि डबे तुम्ही कराल. बाकीचे दिवस तुम्ही बसा.' एवढंच. लग्नापासूनचा हिशेब काढू नका. तो खरा आहे हे मला ठाऊक आहे, पण तो निघाला की डबे बाजूला राहतात आणि गाडी माहेर-सासरवर जाते. 'जमेल तसं करू' हे उत्तर मात्र घेऊ नका, वार ठरवून घ्या. ते ध्यान करणारे गृहस्थ आहेत, तुमची मागणी त्यांना पटायला अवघड जाऊ नये. पटली नाही तर त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहा, ते निराळं प्रकरण होईल.

पहिल्या सोमवारी काय होईल तेही सांगते. दार लावून पाच मिनिटं झाली नाहीत तोच बाहेरून विचारणा होईल, 'अगं, हळद कुठाय?' हळद मिसळणाच्या डब्यातच आहे, लग्न होऊन आलात तेव्हापासून आहे. उत्तर देऊ नका. उठून तर मुळीच जाऊ नका. भाजीत मीठ कमी पडेल, मुलाचा डबा त्या दिवशी ब्रेड-बटरचा होईल, ओट्यावर कांद्याची सालं राहतील. राहू देत. इथे तुम्हाला जरा बोलणार आहे, रागावू नका. तुमच्यासारख्या बायका काम सोडतात आणि मग ते दुसऱ्याने कसं केलं हे बघायला दारात उभ्या राहतात. त्यांनी पुसलेला ओटा पुन्हा पुसायचा, त्यांनी चिरलेली भाजी बघून 'एवढी जाड?' म्हणायचं. असं केलंत की महिनाभरात काम फिरून तुमच्याकडेच येईल, आणि मिस्टरांना वाटेल की हिलाच नको होतं. जाड भाजीही शिजते.

हॉलमध्ये बसून काय करायचं? पहिले काही दिवस काहीच नाही. ॲप लावू नका. गॅलरी असेल तर खुर्ची टाकून चहा गरम असतानाच प्या. झोप लागली तर झोपा, तुमची ती शिल्लक आहे. ध्यान करावंसं आपणहून वाटलं की करा, आणि नाही वाटलं तर तेही चालेल.

पोळ्यांचं म्हणाल, तर सासूबाईंना बाईच्या पोळ्या चालत नाहीत म्हणून चौघांच्या पोळ्या पहाटे तुम्ही लाटता, हे गणित मला पटलं नाही. त्यांच्या दोन पोळ्या किंवा भाकरी तुम्ही करा, त्यात मायाही आहे आणि दहा मिनिटांचं काम आहे. बाकीच्या तिघांना बाईच्या किंवा पोळीभाजी केंद्राच्या पोळ्या चालतात की नाही, हे विचारलंय का कधी? डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रांना तोटा नाही. महिन्याचा खर्च वाढेल, पण कर्ज फिटत आलंय असं तुम्हीच लिहिलंय. आणि सतरा वर्षांच्या मुलाचा मोजा शोधणं हे कोणाचंच काम नाही. बारावी असली तरी.

सासूबाईंबद्दल जरा सावकाश लिहिते, कारण पत्रातलं तुमचं रडू तिथे आहे. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं मुद्दाम केलेलं नसतं. ऐकलेलं उत्तर टिकतच नाही, त्यामुळे त्यांच्या बाजूने प्रत्येक वेळी तो पहिलाच प्रश्न असतो. आधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. बी-१२ कमी असणं, थायरॉईडचा त्रास, खचलेलं मन, एखादं औषध न मानवणं, यांनीही विसरभोळेपणा येतो आणि यावर उपाय असतो. कानही तपासून घ्या. कित्येकदा पहिलं उत्तर नीट ऐकूच गेलेलं नसतं आणि पुन्हा विचारायला संकोच वाटत असतो. विसरणं वाढत चाललेलं असेल तर स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे का, हेही तेच सांगतील. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

घरात करता येईल असं म्हणजे, त्यांच्या खुर्चीसमोर भिंतीवर एक पांढरा फळा लावा. रोज सकाळी मुलाने त्यावर ठळक अक्षरात लिहायचं: आज वार कोणता, तारीख काय, आई पावणेआठला येईल, मी साडेआठला येईन. प्रश्न आला की फळ्याकडे बोट दाखवायचं, तेही हसून. 'आत्ताच सांगितलं ना!' हे वाक्य घरातून हद्दपार करा, ते ऐकून माणूस घाबरतो आणि आणखी विचारतो. आणि प्रश्नाची वेळ बघा. दिवेलागणीला घरातलं माणूस घरात हवं, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं असणार. नातू क्लासहून आला का, यात 'सगळे सुखरूप आहेत ना' एवढंच विचारणं आहे. 'सगळे नीट आहेत आई, तोही येतोय' असं म्हणून हात धरलात, तर वेळ सांगण्यापेक्षा ते जास्त पोचेल. शिवाय त्या वेळेला त्यांच्या हाताला काम द्या. वाती वळायला, मटार सोलायला, मेथी निवडायला. हात गुंतले की प्रश्न विरळ होतात. एवढं करूनही एखाद्या दिवशी आवाज चढेलच. चढला तर रात्री एकटं रडण्यापेक्षा त्यांच्याजवळ जाऊन 'आई, मी उगाच ओरडले' एवढं म्हणा. कशाबद्दल ते त्यांना आठवत नसेल कदाचित. तुम्हाला आठवत असतं ना, म्हणून म्हणा.

आता तुमचं शरीर, कारण त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. वय ४७, पहाटे तीनला जाग, क्षुल्लक गोष्टीवर भडका, मग रडू. मैत्रीण, पाळी जाण्याचा काळ आपल्याकडे साधारण याच वयाच्या आसपास येतो, आणि त्याआधीची काही वर्षं झोपमोड, रात्रीचा घाम, अंगातून निघणाऱ्या वाफा आणि चिडचिड हे सगळं त्याच्यासोबत येऊ शकतं. त्यात हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलेलं असलं तर विचारूच नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि झोपेबद्दल मोकळेपणाने सांगा. ज्या रागासाठी तुम्ही स्वतःला आध्यात्मिकदृष्ट्या नापास ठरवताय, त्यातला बराचसा रक्ताच्या रिपोर्टमध्ये सापडला तर मला आश्चर्य वाटणार नाही. सासूबाईंना नेणार आहातच, त्याच खेपेत स्वतःचंही रक्त देऊन या.

मग लोकल. डोंबिवलीहून सीएसएमटी म्हणजे जाऊन-येऊन दोन तास तर सहज गेले. लेडीज डब्यात चढल्याबरोबर 'कुठे उतरणार?' सुरू होतं, ठाण्याला उतरणारी सापडली की जीव भांड्यात पडतो, आणि तोवर पर्स छातीशी धरून एका पायावर उभं राहायचं. इथे ध्यान करा असं सांगणारी मी कोण? पण एक छोटी गोष्ट तिथेही जमते. मुंब्रा आलं की एका अंगाला खाडी असते, दुसऱ्या अंगाला मुंब्रादेवीचा डोंगर. जे दिसेल त्याकडे बघत राहा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. नाकाने, सावकाश, मोजल्याशिवाय. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात, ही शरीराचीच रचना आहे, त्याला श्रद्धा लागत नाही. पुढचं स्टेशन येईपर्यंत पुरे. डोळे मिटू नका, पर्सकडे लक्ष असू द्या. कोणी धक्का मारला आणि तुम्ही तिला चार शब्द सुनावलेत, तर त्याने काही बिघडत नाही. तुम्ही लेडीज डब्यात आहात, आश्रमात नाही.

फोनचं फार लिहीत नाही. सोसायटीचा, माहेरचा आणि शाळेच्या मैत्रिणींचा ग्रुप 'कायम म्यूट'वर टाका. ऑफिसच्या ग्रुपवर रात्री दहाला येणारा मेसेज सकाळी गाडीत वाचला म्हणून कोणाची पॉलिसी बंद पडत नाही. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. म्हणजे तीनला जाग आलीच तर हाताला फोन लागणार नाही.

एक मात्र गंभीरपणे सांगते. रडू रोजचंच झालं, दोन-दोन आठवडे कशातच रस वाटेना, किंवा 'आपण नसलो तरी चालेल' असा विचार मनात डोकावला, तर तो शांतीचा प्रश्न राहत नाही. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाण्याआधीची पहिली पायरी म्हणूनही तिचा उपयोग होतो.

आणि विपश्यनेला जावंसं वाटत असेल तर जरूर जा, पण मुलाची बारावी आणि सीईटी आटोपल्यावर. येण्या-जाण्याचे दिवस धरून बारा दिवस लागतात, त्यामुळे ऑफिसात आत्तापासून सांगून ठेवा. तीन दिवसांची शिबिरंही असतात, पण ती आधी दहा दिवसांचं केलेल्यांनाच मिळतात, तेव्हा तिथे पळवाट नाही. अर्जात तब्येतीची आणि चालू औषधांची माहिती विचारतात, ती खरी लिहा. मधल्या महिन्यांत सोमवार, बुधवार, शुक्रवार पाळले गेले, तर बारा दिवसांची घरची तयारी आपोआप झालेली असेल. जाताना फ्रीजवर कोणत्या दिवशी कोणती भाजी याचा कागद चिकटवून जाऊ नका. तो मिस्टरांना लिहू द्या.

तुमची,
ताई